नेट मोबाइलमध्ये आहे, घरात नाही

गेल्या दोन महिन्यांपासून मी आमच्या मोहल्ल्यात एक विचित्र काम करतोय. मगरिबनंतर घरोघरी जाऊन विचारतोय, "तुमच्याकडे तारेचं नेट घ्यायचं का?" काहींना वाटतं, सरांनी शाळा सांभाळून एखाद्या कंपनीची एजन्सी घेतली. तसं काही नाही. गरज माझीच आहे. मुखेडच्या मोठ्या रस्त्याने फायबरची केबल गेली आहे, पण ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावर येऊन थांबली आहे. ऑपरेटर म्हणतो, "सर, एका घरासाठी आत केबल ओढायला परवडत नाही. सहा कनेक्शन द्या, पेटी बसवतो." त्याचा हिशोब मला चुकीचा वाटत नाही. म्हणून मी उरलेली पाच घरं शोधतोय.

बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं. "सर, मोबाइल में नेट हैच ना! फिर ये अलग काय कू?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर दारात उभं राहून देता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मोबाइलमध्ये नेट आहे, हे खरं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की आमच्याकडे चहाच्या गाड्यावरही रील्स चालू असतात. पण मोबाइलमधलं नेट ज्याच्या खिशात मोबाइल, त्याचं असतं. अब्बा दुकानाला गेले की नेट दुकानाला गेलं. भाऊ मित्रांकडे गेला की नेट मित्रांकडे गेलं. घरात मागे राहतात त्या अम्मी, बहीण आणि शाळेतून आलेली लहान पोरं. त्यांचं नेट म्हणजे "भाई, जरा हॉटस्पॉट दे ना." भाऊ देतोही, पण त्याचा मूड असेल तेव्हा, आणि दिवसाचा डेटा उरला असेल तर.

हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते मार्च 2020 नंतर. शाळा बंद झाल्या आणि आम्ही व्हॉट्सअॅपवर अभ्यास पाठवायला लागलो. सातवीतल्या एका मुलीचा गृहपाठ मला रोज रात्री अकराच्या पुढे यायचा. आधी वाटलं, दिवसभर खेळते आणि रात्री आठवण येते. एकदा जरा रागावूनच विचारलं. तिने व्हॉइस मेसेज पाठवला. अब्बा टेम्पो चालवतात, फोन त्यांच्याकडे असतो, ते रात्री घरी येऊन जेवले की मग फोन तिला मिळतो. पोर जागं राहून उर्दू आणि मराठी, दोन्ही विषयांचा अभ्यास फोटो काढून पाठवत होती आणि मी तिला आळशी समजत होतो. त्या घरात रिचार्ज होतं आणि फोनही चांगला होता. फक्त दिवसा तो घरात नसायचा.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-5) 15 ते 49 वयाच्या लोकांना विचारलं होतं, कधी तरी इंटरनेट वापरलंय का? देशभरात 57.1 टक्के पुरुषांनी हो सांगितलं आणि फक्त 33.3 टक्के बायकांनी. टॉवर आणि केबल या फरकाचं पूर्ण उत्तर देऊ शकत नाहीत. तो फरक आपल्या उंबरठ्याच्या आतला आहे.

गंमत म्हणजे हे भांडण नवं नाही. 2003 च्या सुमारास मी बीएडसाठी नांदेडला होतो. तिथल्या एका सायबर कॅफेच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आयएसडीएन'. म्हणजे काय ते आम्हाला माहीत नव्हतं, पण तासाला पाच रुपये जास्त घेतात म्हणजे भारी असणार, एवढं कळत होतं. तेव्हा ज्यांच्या घरी नेट होतं ते डायल-अपचं. कॉम्प्युटरने फोन लावला की मोडेम किंचाळायचं आणि घरचा फोन एंगेज व्हायचा. पोरगं नेटवर बसलं की मामूंचा फोन लागायचा नाही. आयएसडीएनने त्याच तांब्याच्या तारेवर 64 केबीपीएसचे दोन डिजिटल मार्ग काढले. एकावर बोला, दुसऱ्यावर नेट चालवा. कुणी बोलत नसेल तर दोन्ही जोडून 128 करा. वेग तर वाढलाच, पण मला मोठं वाटतं ते हे, की एका घरातल्या दोन माणसांना एकमेकांची वाट न अडवता एकच तार वापरता आली.

तेव्हा कंपनी निवडणं हा प्रश्नही नवाच होता. सामान्य माणसाला इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 पासून मिळायला लागलं आणि देणारी कंपनी एकच होती, सरकारी व्हीएसएनएल. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली 1998 च्या नोव्हेंबरात. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात तर निवड आपोआप व्हायची. ज्याचा नंबर लोकल कॉलवर लागतो तो आपला, नाहीतर एसटीडीचं बिल कोण भरणार?

आम्हा उर्दूवाल्यांना त्या काळी वेग जरा जास्तच लागायचा. नस्तालीक लिपी वेबपेजवर नीट दिसायची नाही, म्हणून उर्दू अखबार आख्खं पान चित्र म्हणून टाकायचे. इंग्रजी बातमी वाचून संपली तरी आमची हेडलाइन वरून खाली उतरत असायची. आजही उर्दूचं बरंच साहित्य स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच सापडतं. शंभर एमबीची फाइल 64 केबीपीएसवर उतरवायला साडेतीन तास लागले असते. 100 एमबीपीएसच्या फायबरवर आठ सेकंद लागतात. इथे घोळ होतो तेवढा सांगून टाकतो. जाहिरातीतला एमबीपीएस मेगाबिटचा असतो आणि फाइलचा एमबी मेगाबाइटचा. आकड्याला आठने भागायचं, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटत नाही.

आता घ्यायचं कुणाचं? लोक मला वेग विचारतात. मी म्हणतो, वेग शेवटी बघा. व्हिडिओवरच्या एका क्लासला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. पाच-सहा माणसांच्या घराला 30-40 चा प्लॅनही रग्गड झाला. आधी हे बघा की बंद पडलं तर येणार कोण. त्या कंपनीचं कनेक्शन असलेली जवळची दोन-तीन घरं गाठा आणि विचारा, मागच्या पावसाळ्यात तार तुटली तेव्हा माणूस कितव्या दिवशी आला? कॉल सेंटरच्या गोड आवाजापेक्षा हे उत्तर खरं असतं. ज्याची शिडी मुखेडातच आहे, तो माझ्या दृष्टीने मोठ्या नावापेक्षा बरा.

पण त्याच्याकडून बिल मात्र घ्या. मी एकदा शिकलोय. जुन्या घरी एका ओळखीच्या माणसाला वर्षाचे पैसे आगाऊ दिले, पावती मागायला लाज वाटली. पावसाळ्यात नेट तीन आठवडे बंद. त्याचा फोनही बंद. तक्रार करायला गेलो तर हातात कागदच नाही, कुठल्या कंपनीचा ग्राहक आहे हेही सिद्ध करता येईना. इंटरनेट द्यायला परवाना लागतो. देशभराचा, एका सर्कलचा किंवा जिल्ह्याएवढ्या भागाचा, असे त्याचे तीन वर्ग आहेत. आपला केबलवाला स्वतः परवानाधारक आहे की दुसऱ्या कंपनीचं नेट विकतोय, ते बिलावर दिसतं. तक्रार करताना डॉकेट नंबर लिहून ठेवा. लोकांना वाटतं ट्रायकडे अर्ज केला की झालं, पण ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथे दाद लागली नाही तर कंपनीचंच अपील प्राधिकरण, असा रस्ता आहे. नंबर नसेल तर पहिल्याच पायरीवर अडकाल.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातीत 399 असतं, त्यावर 18 टक्के जीएसटी लागून 471 होतात. राउटरचं डिपॉझिट आणि किती महिन्यांचे एकदम भरायचे, हे आधीच विचारा. एका घरात चार मोबाइलांची चार रिचार्जं होत असतील तर कागद-पेन घेऊन बसा. दोन नंबर छोट्या प्लॅनवर आणता आले तर तारेचा बराचसा खर्च तिथूनच निघतो.

आणि लाइटचं. जुना टेलिफोन लाइट गेल्यावरही चालायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून त्याच तांब्याच्या तारेने यायची. फायबर काचेची, तिच्यातून उजेड जातो, वीज नाही. लाइट गेली की तुमच्या घरातली पेटी बंद. आपल्याकडे लाइटचा काय भरवसा, म्हणून राउटरपुरता छोटा बारा व्होल्टचा यूपीएस सोबतच घ्या. जिथे तार पोचणारच नाही आणि 5जीचा सिग्नल चांगला आहे, तिथे छतावर लावायची 5जीची पेटी घ्यायलाही हरकत नाही. टॉवरवर गर्दी झाली की ती मंदावते, पण घरात राहते, हे महत्त्वाचं.

खरी हरकत मात्र पैशाची नाहीच. ती तीन घरांनंतर एका चाचांनी बोलून दाखवली. "सर, घर में नेट आया तो बच्चियां बिगडतीं." त्यांचा मुलगा शेजारीच खाटेवर पडून मोबाइल बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, चाचांनीही पाहिलं. मग आम्ही दोघं चहा प्यायलो.

भीती खोटी नाही, मी दोन मुलींचा बाप आहे. पण बंदोबस्त कशाचा सोपा आहे? चार खिशांतल्या चार मोबाइलांचा, की बैठकीत भिंतीवर लावलेल्या एका पेटीचा? पेटी रात्री अकराला बंद करता येते, तिच्यावर नको त्या साइट अडवता येतात, आणि कॉम्प्युटर सगळ्यांच्या येण्याजाण्यात ठेवता येतो. केरळमध्ये फहीमा शिरीन नावाच्या बीएच्या विद्यार्थिनीने हॉस्टेलमधली मोबाइलबंदी मानली नाही, म्हणून तिला हॉस्टेलमधून काढलं. ती हायकोर्टात गेली. सप्टेंबर 2019 मध्ये कोर्टाने इंटरनेट वापरायला मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि तिला परत घ्यायला सांगितलं. हा किस्सा मी चाचांना सांगितला. ते म्हणाले, "केरळ की बात अलग है." असेल. पण त्यांची नात यंदा अकरावी सायन्सला आहे आणि तिला नीट द्यायची आहे. लातूरला क्लास लावायची ऐपत नाही, म्हणून ती यूट्यूबवर फिजिक्स बघते. भावाच्या हॉटस्पॉटवर.

माझ्याही घरात फार वेगळं नाही. शाळेची यूडायसची माहिती मी रात्री घरूनच भरतो, तेव्हा थोरली विचारते, "अब्बा, आपका हुआ क्या?" ती वाट बघत असते आणि मी पान लोड व्हायची वाट बघत असतो.

आतापर्यंत माझ्यासकट पाच घरं झाली. चाचांनी काल संध्याकाळी नातीलाच माझ्याकडे पाठवलं, राउटरचं डिपॉझिट परत मिळतं का ते विचारायला. मिळतं, पण पावती जपून ठेवावी लागते, असं मी तिला सांगितलं. ऑपरेटरला सोमवारी बोलावलंय.