साडेपाचशे रुपयांचा डबा

(द्वितीय वर्ष, कला)

वर्गात मला 'आकाशवाणी' म्हणतात. नाव काही वाईट नाही. याहून वाईट नावे मिळालेले विद्यार्थी आपल्या वर्गात आहेत. या नावाचे कारण माझ्या पिशवीत असते. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, लाल रंगाचा एक डबा. एका अंगाला जाळी, दुसऱ्या अंगाला सहा बटणे, डोक्यावर ओढून लांब करायची एरियल. त्यात मेमरी कार्ड बसते, एफएम लागतो, इअरफोनची पिन जाते आणि गरज पडल्यास विजेरीही लागते. उल्हासनगरच्या बाजारातून मी तो साडेपाचशे रुपयांना आणला. दुकानदार सहाशेवर अडून बसला होता, पण मी पायरी उतरू लागल्यावर त्याने हाक मारली. उल्हासनगरच्या मालाला 'मेड इन यूएसए', म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', म्हणून हसण्याची रीत माझ्या जन्माआधीची आहे. हा डबा मात्र तिथला नव्हे. पाठीवर चीनचे नाव आहे, आणि कंपनीचे म्हणून जे नाव छापले आहे ते एका प्रसिद्ध नावाहून एकाच अक्षराने वेगळे आहे.

"अगं, मोबाइल आहे ना तुझ्याकडे? मग हे कशाला?" हा प्रश्न मला पहिल्या वर्षापासून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे मोबाइल आहे आणि त्यातही गाणी वाजतात. तेव्हा उत्तर हसण्यावारी न नेता एकदा सविस्तर द्यावे म्हणून हा लेख. शेवटी एक मागणीही आहे. ती प्राध्यापकवर्गाने वाचावी अशी विनंती आहे.

सुरुवात बटणांपासून करते. सकाळी कर्जतहून येणारी गाडी वांगणीला येते तेव्हा बसायला जागा नसतेच. एक हात वरच्या कडीला, दुसरा पिशवीवर. अशा अवस्थेत मोबाइलवर गाणे बदलायचे तर तो बाहेर काढा, त्याचे कुलूप उघडा, नीट बघा, बोट नेमक्या जागी टेकवा. तेवढ्यात बदलापूर येते, आणि मग मोबाइल कुणाच्या पाठीला आणि आपण कुणाच्या खांद्याला. डब्याचे बटण पिशवीतल्या पिशवीत हाताला कळते. हे उंच, हे बसके, हे कडेचे. डोळ्यांचे कामच नाही. अॅपलसारख्या बड्या कंपनीलाही हा धडा शिकावा लागला होता. तिचा आयपॉड शफल नावाचा चिमुकला वादक २००५ साली आला. २००९ साली तिने त्याच्या अंगावरची गाण्याची बटणे काढून इअरफोनच्या वायरीवर नेली आणि पुढच्याच वर्षी, २०१० साली, बटणे निमूटपणे जागेवर आणून बसवली. पुढे आयपॉड हा प्रकारच २०२२ साली बंद झाला, ती गोष्ट वेगळी. आमचा लाल डबा अजून मिळतो.

दुसरी गोष्ट त्याच्या पोटातली. बटणांच्या जुन्या नोकिया फोनात चपटी बॅटरी असे ना, बीएल-५सी नावाची, तीच यात बसते. झाकण नखाने उघडते. बॅटरी दमली की स्टेशनबाहेरच्या दुकानातून दुसरी आणायची आणि बसवायची. कारागीर लागत नाही. माझ्या मोबाइलची बॅटरी आत चिकटवून टाकलेली आहे. ती दमली की मोबाइलच जुना झाला असे आपल्याला सांगितले जाते आणि आपण ते ऐकतो.

या बॅटरीचे मोल मला २७ जुलै २०१९ रोजी कळले. आदल्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले, हे पुष्कळांना आठवत असेल. मी तेव्हा शाळेत होते. उल्हास नदी आमच्याकडे कुठवर चढली आहे हे आम्हालाच ठाऊक नव्हते. वीज गेलेली, घरातले मोबाइल एकामागून एक मिटलेले. वडिलांकडे तेव्हा याच जातीचा एक जुना डबा होता, माझ्या डब्याचा थोरला भाऊच म्हणा. त्यावर एफएम लावून आम्ही बसलो. आमच्या गावाचे नाव मुंबईतला निवेदक घेतो आहे आणि आम्ही गावात बसून ते ऐकतो आहोत, असा तो विचित्र दिवस होता. चार घरची माणसे आमच्या ओट्यावर जमली होती. कानात घालायचे यंत्र एकट्याचे असते. जाळी असलेले यंत्र ओट्याचे होते. १९७९ साली सोनीने पहिला वॉकमन काढला, तेव्हा त्याला सुद्धा दोन इअरफोनसाठी दोन भोके ठेवली होती, असे मी वाचले आहे. एकट्याने ऐकणे त्यांनाही तेव्हा थोडे चोरट्यासारखे वाटत असावे. (हे शेवटचे माझे मत, कुठे वाचलेले नाही.)

एवढ्यावर लेख संपला असता तर मी तो दिला नसता. खरे कारण आता सांगते.

वांगणी म्हटले की बाहेरच्या लोकांना १७ एप्रिल २०२१ ची घटना आठवते. फलाटावरून मूल रुळावर पडले, समोरून गाडी येत होती, आणि मयूर शेळके या रेल्वे कर्मचाऱ्याने धावत जाऊन त्याला वर उचलले. ते चित्रण सगळ्या देशाने पाहिले. मुलाची आई अंध होती, हेही छापून आले. पण अशा आया आणि असे बाप वांगणीत शेकडो आहेत, हे त्या काही सेकंदांत दिसण्याजोगे नव्हते. मुंबईच्या मानाने भाडे कमी आणि धंद्याला रेल्वे दाराशी, म्हणून एक कुटुंब आले, त्याने दुसऱ्याला सांगितले. त्यांच्यातले कितीतरी जण गाडीत किरकोळ वस्तू विकतात, काही गातात. आमच्या शेजारच्या ताई बायकांच्या डब्यात टिकल्या, पिना, रबर विकतात. २२ मार्च २०२० च्या रात्री लोकल थांबली आणि ताईंचा धंदाही त्याच रात्री थांबला. सामान्य प्रवाशाला गाडी धडपणे मिळेपर्यंत १५ ऑगस्ट २०२१ उजाडला, तोही दोन लसी घेतलेल्यांसाठी. त्या दिवसांत घरी बसून ताईंनी ठरवले की राहिलेले शिक्षण पुरे करायचे. मागल्या वर्षी त्यांनी मुक्त विद्यापीठातून बी. ए.ला नाव घातले.

आता, ताईंकडे मोबाइल आहे आणि तो त्या माझ्याहून चांगला वापरतात. मोबाइल त्यांना पडद्यावरचे वाचून दाखवतो. पैसे घेणे, गाडीची वेळ बघणे सारे त्यावर. मग डबा कशाला? ते त्यांनीच मला सांगितले. मोबाइलवर धडा ऐकत बसले की मध्येच फोन येतो, मध्येच तो यांत्रिक आवाज आलेला निरोप वाचू लागतो, आणि धडा कुठे राहिला ते शोधण्यात संध्याकाळ जाते. शिवाय दिवसभर गाडीत धंदा करायचा तर आठ-दहा हजारांचा मोबाइल हातात धरून गर्दीत उभे राहणे बरे नव्हे. डबा गेला तर साडेपाचशे गेले. तो गळ्यात अडकवायचा, एका कानात इअरफोन, दुसरा कान गिऱ्हाइकाला.

म्हणून मी वाचते आणि ताई ऐकतात. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते कार्डात घालते. पहिल्या कार्डाच्या वेळी माझी फार फजिती झाली. मी अख्खा धडा एका दमात वाचून टाकला. ताई म्हणाल्या, "पोरी, तू वाचतेस की गाडी पकडतेस?" शिवाय अर्धा-पाऊण तासाची ती एक फाइल. हा डबा बंद करून पुन्हा लावला की चालू फाइल पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे ताई रोज तेच पहिले पान ऐकत होत्या. मग मी दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले. त्यांना नावे देताना क्रमांक घातले, तरी डबा भलत्याच क्रमाने वाजवू लागला. दोन दिवसांनी उमगले की हा नाव बघतच नाही. ज्या क्रमाने तुकडे कार्डात पडले त्याच क्रमाने तो वाजवतो. आता एकेक तुकडा रांगेने टाकते आणि प्रत्येकाच्या आरंभी विषय, प्रकरण आणि भाग तोंडाने सांगते. ताईंनी सुरू करण्याच्या बटणावर आपल्याच मालातली एक खड्याची टिकली चिकटवली आहे. कार्डे नखाएवढी आणि सगळी सारखी, म्हणून प्रत्येकाला कागदाचे पाकीट केले : एक खाच इतिहासाची, दोन खाचा मराठीच्या, तीन खाचा समाजशास्त्राच्या.

माणसाचा बोलका आवाज कमी जागेत मावतो. मी तासाला एकोणतीस एमबीच्या आसपास धरते. त्या हिशोबाने आठ जीबीच्या एका कार्डात अडीचशे तासांहून जास्त वाचन बसते. बी. ए.च्या एका वर्षाची पुस्तके वाचून काढली तरी कार्ड भरायचे नाही.

या उद्योगात माझा किती फायदा झाला हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. एखादे वाक्य समजले नाही तर घरी विचारायला कुणी नाही. आणि समजले नाही हे कळायलाही थोडे समजावे लागते! मनातल्या मनात वाचताना मी सगळ्यावरून घसरत जात असे. मोठ्याने वाचताना मात्र जिथे जीभ अडते तिथे नेमके मला काही समजलेले नसते. तिथे थांबून पुन्हा वाचावे लागते, कारण पलीकडे ऐकणारी व्यक्ती परीक्षेला बसणार आहे. समाजशास्त्रातले बायकांच्या घरकामाचे प्रकरण मी वाचत होते, त्याचा मोबदला नाही म्हणून ते श्रमात मोजले जात नाही, असे काहीसे. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "हे पुस्तकात आहे? मग पुस्तक लिहिणारी बाई घरचीच दिसते." ते वाक्य तसेच कार्डात गेले आहे. कुकरच्या शिट्ट्याही गेल्या आहेत. ताई सांगतात की परीक्षेत एक उत्तर त्यांना तिसऱ्या शिट्टीच्या खुणेवरून आठवले.

डब्याविरुद्ध बोलण्यासारखे आहे, नाही असे नाही. गाडीच्या डब्यात हा डबा मोठ्याने लावणारे लोक मलाही आवडत नाहीत. आणि दुकानात पन्नास रुपयांत 'कार्ड भरून' मिळते, तो सरळसरळ चोरीचा माल असतो. गाणाऱ्याला किंवा लिहिणाऱ्याला त्यातली दमडीही मिळत नाही. माझे पहिले कार्ड तसेच भरलेले होते. त्याचे समर्थन मी करणार नाही.

पुस्तक वाचून कार्डात घालणे हाही गुन्हाच नव्हे का, असे एका मैत्रिणीने विचारले. म्हणून शोधले. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, आणि कलम ५२ मध्ये, अपंग व्यक्तीला वाचता-ऐकता येईल अशा रूपात पुस्तकाची प्रत, नफा न घेता, तिच्या अभ्यासासाठी करून देण्याची मुभा आली. २०१३ साली मराकेश येथे याच कामासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ साली त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. कायदा म्हणजे आपल्या पुढे निघून गेला आहे.

आपण कुठे आहोत? वर्गाच्या ग्रुपवर नोट्स येतात त्या बहुधा वहीच्या पानांचे काढलेले फोटो असतात. डोळस मुलाला ते चालते. फोटोतली अक्षरे मोबाइलचा वाचक आवाज सहसा वाचू शकत नाही. पीडीएफ असली तरी ती जुन्या मराठी फॉन्टमधली निघाली की तो आवाज मंत्र पुटपुटल्यासारखे निरर्थक काहीतरी म्हणतो. कुणी मुद्दाम करत नाही हे मला माहीत आहे. मीही दोन वर्षे असेच फोटो पाठवत होते.

तेव्हा मागणी अशी. प्राध्यापकांनी स्वतःच्या नोट्स स्वतःच्या आवाजात वाचून द्याव्यात, दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत. त्या सर्वांनाच ऐकता येतील. क्रमिक पुस्तके आपण विद्यार्थ्यांनी वाचावीत आणि ती कार्डे फक्त अंध विद्यार्थ्यांसाठी ठेवावीत, म्हणजे कायद्याची अडचण नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत हे काम धरता आले तर वाचक कमी पडणार नाहीत. झाडे लावण्याइतकेच हे मोजता येण्याजोगे आहे. ग्रंथालयाने दोन डबे आणि दहा कार्डे घ्यावीत. डब्यांचे अकराशे आणि कार्डांचे दोन-अडीच हजार, सगळा खर्च चार हजारांच्या आत. गॅदरिंगच्या मंडपाला याहून जास्त लागतात.

ग्रंथपाल सरांना मी विचारून ठेवले आहे. "जागा कुठे आहे?" असे ते म्हणाले, पण मग स्वतःच उठून संदर्भ विभागाच्या टेबलाचा खालचा खण उघडून दाखवला. आत जुनी पावतीपुस्तके आहेत. खणाला कुलूप आहे, किल्लीही आहे.