चौकटची सत्ती

पत्ते हा विरंगुळा की व्यसन, ह्याविषयी आमच्या घराण्यात फार पूर्वीपासून दोन तट आहेत. वडिलांकडच्या मंडळींनी पत्त्याला कधी हात लावला नाही. उलट आजोळी, म्हणजे पालीला, मामांच्या माजघरात देवाच्या उपकरण्यांच्या खालच्याच कप्प्यात पत्त्यांचा कॅट असे आणि पाडव्याच्या दिवशी तो काढला नाही तर सण चुकल्यासारखे होई. कार्तिकातल्या ह्या प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात, हा आधार मामा तोंडावर फेकत. मी दोन्हीकडचा वारसा सारखाच उचलला आहे. पत्ते खेळतो, आणि खेळून झाल्यावर वेळ फुकट गेला म्हणून हळहळतो.

ही पाली रत्नागिरीजवळची. बल्लाळेश्वराची ती रायगडातली, निराळी. हातखंब्याहून महामार्गाने पुढे आले की जिथून कोल्हापूरचा रस्ता नाणीज-साखरप्याकडे फुटतो, ती आमची. हा खुलासा मुद्दाम करतो, कारण गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी मागवलेले एक पार्सल आधी त्या पालीचे दर्शन घेऊन मग ह्या पालीला आले. गणपतीला जाऊन आले ते बरेच झाले, असे मामी म्हणाल्या.

चिरंजीव तेव्हा अकरावीत होते. त्यांना वर्षभरापासून जादूचा नाद लागला होता. माझ्या वडिलांनी पुण्याच्या जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहिले होते आणि त्यांचे वर्णन करताना ते अजून खुर्चीवरून उठतात. तेव्हा नाद अगदीच परका नव्हता. पण पार्सल उघडले तर आत पेट्यांचे कसले यंत्र नव्हे, रंगीत रुमाल नव्हेत. पत्त्यांचे दोन कॅट! पालीच्या दुकानात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या नोटांत मिळणारी वस्तू, आणि हिची किंमत त्याच्या कितीतरी पट. मी म्हटले, "अरे, बावन्न पानंच ना ती? ह्यांची राणी काय बोलते की काय?"

"बाबा, हे जादूगारांचे पत्ते आहेत," चिरंजीव म्हणाले.

मला हे खरे वाटले नाही. पत्ते करणारे कारखानदार जादूगारांसाठी म्हणून वेगळा माल काढतील, हे मला खडू करणाऱ्यांनी प्राध्यापकांसाठी वेगळे खडू काढावेत तसे वाटले. पण मास्तरकीची खोड अशी, की मुलाला खोटे पाडण्यासाठी मी वाचायला बसलो आणि त्याचेच बरोबर ठरले.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात १८८१ पासून पत्ते करणारा एक मोठा कारखाना होता. त्यांचा 'बाइसिकल' हा छाप १८८५ चा. पाठीवर सायकलवर बसलेले पंखवाले बाळ, भोवती नक्षी आणि कडेला पांढरी पट्टी. २००९ साली कारखाना शेजारच्या केंटकी राज्यात गेला आणि २०१९ साली बेल्जियमच्या कार्टामुंडी कंपनीने तो विकत घेतला. आपल्या मुंबईच्या पार्कसन्सचीही ह्याच कार्टामुंडीशी भागीदारी झाली. हे पत्ते मुळात जादूगारांसाठी काढलेले नव्हेत. ते घरोघरी खेळण्यासाठीच होते. जादूगारांनी ते उचलले, ते त्यांच्या गुणांमुळे. पाठ वरून पाहा की खालून, सारखीच दिसते. पांढऱ्या पट्टीमुळे गठ्ठ्यात एखादे पान उलटे, म्हणजे तोंड वर करून पडले, तरी त्याची कड बाहेर डोकावली तर कळत नाही. शिवाय कागदावर दाबून बारीक खळगे पाडलेले असतात. त्यांत हवा राहते म्हणून पाने एकमेकांना चिकटत नाहीत आणि पंख्यासारखी पसरतात. पण सगळ्यांत मोठा गुण असा, की हे पत्ते पाहणाऱ्याच्या ओळखीचे असतात. संशय येत नाही.

ह्या गुणाचा मग धंदा झाला. पाठ तीच, पण दोन्ही बाजूंनी पाठच असलेले पान. दोन्ही बाजूंनी तोंड असलेले पान. एक बाजू कोरी ठेवलेले पान. जादूगाराला नेहमीच्या गठ्ठ्यात मिसळता यावीत म्हणून अशी पाने त्याच नक्षीची, त्याच कागदावर छापून घेतली जातात. पूर्ण कॅटच्या कॅट फसवे असतात, ते निराळे. बर्लिंग हल नावाच्या अमेरिकन जादूगाराने १९०९ साली एका कॅटचे पेटंट घेतले. त्यातली सव्वीस पाने एकच असतात, आणि ती इतर सव्वीस पानांपेक्षा किंचित आखूड कापलेली असतात. एक हे, एक ते अशी लावून ठेवली की जादूगाराला हवे तेच पान तुम्ही 'आपल्या मर्जीने' उचलता. त्या कॅटला नाव दिले स्वेंगाली. 'ट्रिल्बी' ह्या १८९४ च्या इंग्रजी कादंबरीत दुसऱ्यांची मने ताब्यात घेणारा ह्या नावाचा एक संमोहक आहे. कादंबरी आज कोणी वाचत नाही, पण खलनायक पत्त्यांच्या डबीवर जगून आहे. मराठीच्या मास्तराला ह्याचे थोडे वैषम्य वाटते. आमचा एकही खलनायक अजून डबीवर गेलेला नाही.

गेल्या पंचवीस-एक वर्षांत तर ह्याची पेठच उभी राहिली. एलुजनिस्ट, थिअरी इलेव्हन अशा जादूचे सामान विकणाऱ्या मंडळींनी कारखान्याकडून आपापल्या नक्षीचे कॅट छापून घेतले. काळी पाने, सोनेरी कडा, मर्यादित प्रती. आमच्या चिरंजीवांना ह्यांचे फार अप्रूप. माझे मत उलटे आहे. इतका नटवलेला कॅट पुढे आला की बघणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो 'ह्यात काहीतरी आहे' हाच. ज्या साधेपणावर जादू उभी, तोच विकून टाकल्यासारखे झाले. पण संग्राहकांना हे सांगायला जाऊ नये. तेही एक घराणे आहे.

चिरंजीवांचा एक कॅट साधा होता. दुसरा, तशाच पाठीचा, निमुळता. म्हणजे प्रत्येक पान एका टोकाला जेमतेम एका मिलिमीटरने अरुंद कापलेले. गठ्ठा एका दिशेने लावायचा. तुम्ही पान काढून बघेपर्यंत हातातला गठ्ठा हळूच फिरवायचा. तुमचे पान परत आत गेले की त्याचे रुंद टोक अरुंद टोकांमध्ये येते. मग कितीही पिसा. दोन बोटांनी कडा ओढल्या की नेमके तेवढेच पान हातात येते. हे गुपित फोडल्याबद्दल जादूगार मंडळींनी रागावू नये. हा कॅट खेळण्यांच्या दुकानात मिळतो.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री ओटीवर प्रयोग झाला. वीस-पंचवीस माणसे होती, शेजारची मुले होती. चिरंजीवांनी मामांपुढे पंखा धरला. "आजोबा, एक पान घ्या. बघा, लक्षात ठेवा, मला दाखवू नका." मामांनी पान घेतले, दूर धरले, जवळ धरले, परत दिले. पिसणे झाले, फुंकर झाली, आणि चिरंजीवांनी पान वर केले. चौकटची सत्ती!

मामा म्हणाले, "छे! माझी बदामची होती."

मग काय विचारता! मुलांनी गिल्ला केला. कोणी "जादूगार पाच-तीन-दोन" असे नाव ठेवले. चिरंजीव कानांपर्यंत लाल झाले, पण हसून त्यांनी पाने गोळा केली. आणि मी, बाप म्हणून, त्यांना बाजूला घेऊन ऐकवले, की सरावाशिवाय चार लोकांपुढे उभे राहू नये. विद्या अर्धी असेल तर ती झाकून ठेवावी. वर्गात पंधरा-वीस वर्षे बोलल्याने अशी वाक्ये तयारच असतात.

जेवणे आटोपल्यावर चिरंजीव मागच्या पडवीत माझ्याजवळ येऊन बसले. "बाबा, तुम्ही एक पान घ्या." घेतले. बाहेर आले. पुन्हा घेतले. पुन्हा आले. दहा वेळा झाले असेल. मग तो म्हणाला, "माझा सराव कच्चा आहे, पण ह्यात सरावाचा प्रश्नच नाही. फिरलेलं पान एकच असतं. तेच येतं. हे पत्ते चुकू शकत नाहीत."

मी म्हटले, "मग?"

तो काही बोलला नाही. बोलायला नकोच होते. दोन्ही सत्त्या लाल. सात ठिपक्यांची मांडणी दोन्हींची तीच. फरक तो बदामाच्या खाचेचा आणि चौकटीच्या टोकांचा.

मग मला एकेक आठवू लागले. दोन वर्षे झाली, मामा डावात बसत नव्हते. "तुम्ही खेळा, मी वाटतो" म्हणत. सगळ्यांना वाटे, वय झाले, मोठेपणाने बसत नाहीत. वर्तमानपत्र मामींकडून वाचून घेत. आम्हांला ते लाडाचे वाटे. आणि मामी? त्या मुकाट्याने वाचत होत्या.

पाडव्याला संध्याकाळी मेंढीकोटाची बैठक बसली. कोणीतरी धांदलीत कप्प्यातला म्हणून कॅट आणला, तो नेमका चिरंजीवांचा निमुळता. पाठ तीच, कोण बघतो? दोन डाव होऊन गेले. तिसऱ्याला मामांनी पाने पिसायला घेतली आणि हात थांबला. त्यांनी गठ्ठा ठाकठीक केला, कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"हा कॅट आपला नव्हे. ह्याच्या कडा वरखाली लागतायत. पानं एका टोकाला बारीक आहेत."

डोळे असलेल्या चौघांनी दोन डाव खेळून जे कळले नव्हते, ते त्या अंगठ्याला एका फेरीत कळले. सगळ्यांनी पाने हातात घेऊन पाहिली; सांगितल्यावरही दोघांना दिसेना. मामा ऐटीत आले. "आमच्या वाडीच्या गंजिफाला असली लबाडी चालत नाही. गोल पान. टोकच नाही, तर निमुळतं काय करणार?" वाडी म्हणजे सावंतवाडी, १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला, तोवर ती रत्नागिरी जिल्ह्यातच होती. मामांना ती अजून जिल्ह्यातच वाटते. तिथला दशावतारी गंजिफा एकशेवीस पानांचा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, सगळी हाताने रंगवलेली. तिथल्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले ह्यांनी ती कला मरता मरता उचलून धरली. मामांचे म्हणणे तेवढ्यापुरते बिनतोड होते. हाताने रंगवलेली दोन पाने तंतोतंत सारखी नसतात आणि पारखी नजर फरक ओळखते, हा मुद्दा मी त्या दिवशी काढला नाही. नजरेचा विषयच नको होता.

पण तो निघाला. मामा गठ्ठा हातात तोलत थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग चिरंजीवांकडे तोंड करून म्हणाले, "म्हणजे काल तू हाच घेतला होतास. ह्यात घेतलेलं पान आपोआप हाताला लागतं. खरं ना?"

"हो, आजोबा."

"मग हा चुकत नाही तर?"

ओटीवर कोणाच्या काही लक्षात आले नव्हते. मामी मात्र दारात पदराला हात पुशीत थांबल्या होत्या. चिरंजीव माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुकतो कधी कधी. माझा हात कच्चा आहे ना."

माझ्या भाषणातलेच वाक्य त्याने उसने घेतले होते. मला त्या क्षणी कुठे बघावे ते कळेना.

मामांनी गठ्ठा खाली ठेवला. "दुसरा आणा रे," म्हणाले, आणि नेहमीसारखे वाटायला बसले.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "मास्तर, रत्नागिरीला जाऊन येऊ. डोळे दाखवीन म्हणतो." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही पिकलेला. इतके दिवस काय करीत होता, असे डॉक्टरांनी विचारले. मामा म्हणाले, "आधी आंबे होते, मग पाऊस होता." कोकणात हे उत्तर कोणत्याही प्रश्नाला चालते. परतताना एस्टीत त्यांनी खरे कारण सांगितले: आता दिसत नाही असे एकदा घरात कळले, की बाग दुसऱ्याच्या हाती जाते. मी काही बोललो नाही. खिडकीतून हातखंब्याचा फाटा गेला तो मीच त्यांना सांगितला.

मी पुढे एका माणसाविषयी वाचले, ते मामांना मुद्दाम पत्राने कळवले. रिचर्ड टर्नर नावाचा अमेरिकन. लहानपणीच त्याची दृष्टी जाऊ लागली आणि पुढे पूर्ण गेली. पत्त्यांवर त्याचा हात असा, की जगातले जादूगार त्याच्यापुढे बसून बघतात. त्याच बाइसिकलवाल्या कारखान्याने पत्त्यांचा स्पर्श तपासायला ह्या आंधळ्या माणसाला सल्लागार नेमले होते. कागद किती लवचीक हवा, कड कोणत्या बाजूने कापली म्हणजे दोन गठ्ठे एकमेकांत सुरळीत गुंफले जातात, हे तो बोटांनी सांगे. २०१७ साली त्याच्यावर 'डेल्ट' नावाचा चित्रपटही निघाला. मामांनी उलट कळवले, की त्याने पगार किती घेतला तेही लिहायला हवे होते.

पौषात एक आणि फाल्गुनात दुसरा, असे दोन्ही डोळे झाले. आंब्याला मामा स्वतः बागेत उभे होते आणि दोन गड्यांना त्यांनी पेट्या भरताना पकडले, असे मामी सांगतात.

परवा चिरंजीवांनी त्यांना फोन केला. पत्तेवाले कारखानदार कमी दिसणाऱ्यांसाठी मोठ्या आकड्यांचे कॅटही काढतात, तसा एक ह्या दिवाळीला आणू का, असे त्याने विचारले. फोनवरचा आवाज मला खोलीच्या पलीकडे ऐकू आला.

"मोठे आकडे तुझ्या बापाला आण, त्याला चाळीशी लागलीय. मला तो निमुळता आण. आणि ह्या खेपेला गठ्ठा माझ्या हातात राहील. पान त्याने काढायचं, आणि सगळ्यांदेखत."