पक्कं लायसन, कच्चा हात

आपल्याकडे मोटरसायकलची परीक्षा म्हणजे मोकळ्या मैदानात, पहिल्या गिअरमध्ये, पाय न टेकता काढलेला एक आठ. समोरून डंपर नाही, मागून बसचा हॉर्न नाही, फटीतून घुसणारा रिक्षावाला नाही. गाडी बहुतेक वेळा मित्राची, नाहीतर एजंटाने सोय करून दिलेली शंभर सीसीची. तो आठ जमला की पोरगं थेट शोरूमच्या वाटेला लागतं, आणि घरातलं एक माणूस त्याला विचारत नाही की बाबा रे, तुला येतं काय?

कायदाही विचारत नाही. 'गिअरची मोटरसायकल' असा एकच वर्ग लायसनवर असतो, त्याला सीसीची मर्यादा नाही. स्प्लेंडरवर आठ काढलेला अठरा वर्षांचा मुलगा लायसन आल्याच्या दिवशी हजार सीसीची गाडी घेऊन घाटात शिरला, तर त्याला अडवणारं कलम नाही. युरोपात मधल्या लायसनवर ३५ किलोवॅटच्या पुढची गाडी चालवता येत नाही. त्यावर दोन वर्षं काढायची, मग वरची पायरी. थेट मोठं लायसन हवं असेल तर २४ वर्षांचं व्हा. जपानमध्ये ४०० सीसीच्या पुढे वेगळं लायसन लागतं. ही दोन्हीकडची माणसं काही जात्याच भित्री नाहीत. आपल्या सरकारने मात्र नवशिक्याला काय झेपेल हे ठरवायचं काम शोरूमच्या सेल्समनवर सोपवलंय, आणि त्या बिचाऱ्याला महिनाअखेरचं टार्गेट आहे.

गेल्या दिवाळीआधी भाच्याबरोबर अशाच एका शोरूममध्ये गेले होते. गाडी चकचकीत फरशीवर मेन स्टँडवर उभी. 'बसून बघा ना सर,' म्हणत सेल्समनने भाच्याला वर चढवलं आणि त्याचाच फोन घेऊन फोटो काढायला सुरुवात केली. भाच्याचे दोन्ही पाय अधांतरी, चेहऱ्यावर मात्र लडाखला पोचल्याचा आनंद. मी म्हटलं, जरा स्टँडवरून उतरवून दे त्याला. सेल्समनने ही बाई कुठून आली अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं, पण उतरवली. गाडी वीतभर डावीकडे कलली आणि पुढच्या क्षणी भाच्याच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. सेल्समनने एका हाताने हँडल धरलं आणि म्हणाला, 'सवय होते मॅडम.' होते ना. पण ती व्हायच्या आधी सिग्नल असतो, चढ असतो, पावसाळ्यातला बुळबुळीत पांढरा पट्टा असतो, आणि मागच्या सीटवर कोणीतरी बसलेलं असतं.

साधा हिशोब आहे. स्प्लेंडर भरते एकशेबारा किलोच्या आसपास, क्लासिक ३५० भरते १९५. गाडी धावत असताना हा फरक फारसा जाणवत नाही, म्हणून टेस्ट राइडमध्ये कळत नाही. तो कळतो पार्किंगमधून उलटी ढकलत काढताना आणि अरुंद गल्लीत वळवताना. नवशिका पडतो तो बहुतेक वेळा अशाच ठिकाणी, माणूस चालतो त्या वेगात. तरी आमच्या सोसायटीत पहिली गाडी म्हणून दरवेळी वरचीच येते. अलीकडे तर बापांना कारणही मिळालंय: सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कर वाचला म्हणून साडेतीनशेची घेतली, असं हे गृहस्थ पेढे देताना सांगतात. पोराच्या पायाची उंची करात बसते की काय?

बुकिंग करताना प्रश्न दोनच. बाप विचारतो अ‍ॅव्हरेज किती, पोरगा विचारतो टॉप किती. थांबते कशी, हे आजवर एकाही काउंटरवर मी कोणाला विचारताना ऐकलं नाही. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोरचं कुत्रं दिसलं, मेंदूला कळलं, बोटं लिव्हरवर गेली, यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच दीड बस भरेल एवढा रस्ता संपलेला असतो. पुढचं सगळं ब्रेकवर आणि ब्रेक धरणाऱ्यावर.

आणि तो धरणारा काय शिकून आलेला असतो? 'पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटा पडशील.' सायकलच्या वयात काकाने दिलेली ही दीक्षा पिढ्यान् पिढ्या चालत आलीये आणि माझ्या मते ती आपल्या रस्त्यांवरची सगळ्यात महागात पडलेली अक्कल आहे. ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. गाडी थांबवायची खरी ताकद त्या वेळी पुढच्या चाकात असते. मागचा ब्रेक नुसता दाबत राहिलात तर मागचं चाक घसरतं आणि गाडी आडवी होते. पुढचा ब्रेक हळूहळू, पण शेवटी घट्ट आवळायचा असतो, हँडल सरळ ठेवून, मागच्या ब्रेकच्या साथीने. हे हाताला शिकवावं लागतं, रिकाम्या रस्त्यावर, पुन्हा पुन्हा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत आणीबाणीत गाडी थांबवता येणं हा परीक्षेचा भाग म्हणून लिहिलेलं आहे. मैदानावर ते कोणाकडून करून घेतलेलं मी तरी पाहिलेलं नाही. आठ झाला, सही झाली, नेक्स्ट.

या अडाणीपणाला यंत्राने थोडा हात दिला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस आलं. खालच्यांना सीबीएसवर भागवायची मुभा मिळाली. त्यात एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो, पण चाक जाम होणं काही सुटत नाही. म्हणजे ज्या स्वस्त गाड्यांवर निम्मा महाराष्ट्र पहिल्यांदा क्लच सोडायला शिकतो, त्यांनाच नियमाने वगळलं. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. एवढे मुडदे मोजूनही शोरूममध्ये चर्चा रंगते ती काळ्या मॅट रंगाची.

मुलींच्या बाबतीत तर निवडीचा प्रश्नच ठेवलेला नाही. गिअरचं लायसन असलेली पोरगी शोरूममध्ये शिरली की तिला हाताने दिशा दाखवतात: स्कूटर त्या बाजूला. २००१ साली पल्सर आली ती 'डेफिनेटली मेल' अशी जाहिरात करत. तेव्हा आम्ही काही जणी गिअरच्या गाड्या चालवतच होतो, पण गिऱ्हाइकात आमची गणती नव्हती. गंमत अशी की पाय टेकतात का, वजन झेपतं का, हे प्रश्न मुलीला न विचारता ऐकवले जातात आणि मुलाला विचारलेच जात नाहीत. दोघांनाही विचारा की! पाच फूट चार इंचाचा मुलगा ८२५ मिलीमीटरच्या सीटवर चवड्यावर नाचतो, त्याला मर्दानगी आड येते म्हणून तो बोलत नाही, एवढंच.

आता कोटेशनचा कागद. गार्ड, सीट कव्हर, टाकीवरचं कोटिंग, 'हँडलिंग', आणि वर एक 'फ्री' हेल्मेट. ते हेल्मेट द्यायची जबाबदारी नियमानेच कंपनीवर टाकलेली आहे, कोणी मेहेरबानी करत नाही. बरं, ते डोक्यात बसतं का, हनुवटीखालचा पट्टा लागतो का, हे कोण बघतो? दीड-दोन लाखांच्या गाडीवर ते टोपलीसारखं आरशाला लटकतं.

मला विचाराल तर पहिली गाडी जुनी घ्या. ११० ते १५० सीसी, दोन्ही तळवे पूर्ण टेकतील अशी, जमलं तर एबीएसवाली. ती आडवी पडली तर एकट्याने उचलता आली पाहिजे. खरेदीआधी ती मऊ जमिनीवर झोपवून उचलून बघा, मालक हसला तर हसू दे. उरलेल्या पैशांत आयएसआयचं नीट बसणारं हेल्मेट, हातमोजे, घोटे झाकणारे बूट. वर्षभर पाऊस, चिखल, गर्दी सगळं तिच्यावर काढा, मग खुशाल ती मोठी घ्या.

आणि जुनी घेताना इंजिन गार असतानाच जा. आधीच तापवून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर कारण विचारा. चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा, कर्जाचा बोजा उतरलाय का ते बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालक म्हणेल, 'एवढाही विश्वास नाही का?' नाही म्हणून सांगा.