कांद्याच्या रानात सेव्हन आयर्न

परवा कॅन्टीनमध्ये नव्याने जॉइन झालेल्या एका पोराने विचारलं, 'सर, गोल्फ शिकायचंय. सेट कुठला घेऊ?' महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे. घेऊ नकोस. निदान अख्खा सेट तरी नको.

कारण मी तोच घोळ घातलाय. आमचे क्लाएंट जपानी. आमच्या पारनेर तालुक्यातच, सुप्याच्या एमआयडीसीत जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा राखलाय, त्यामुळे कामाच्या निमित्ताने गावाकडच्या फेऱ्या वाढल्या आणि गप्पांत गोल्फ यायला लागलं. मग काय, पहिल्याच महिन्यात चकाचक सेट, ईएमआयवर! नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. मी त्यातलं 'जास्तीत जास्त' विसरलो आणि १४ च्या १४ घेऊन आलो. त्यातले सहा अजून नवेकोरे आहेत.

नंतरचा घोळ जास्त महागात पडला. आठवडाभर खुर्चीत दहा-दहा तास बसून शनिवारी थेट ड्रायव्हिंग रेंजवर. वॉर्म-अप वगैरे काही नाही. हातात ड्रायव्हर, तासाभरात दीडशे बॉल. रविवारी सकाळी दात घासायला बेसिनवर वाकलो आणि तसाच राहिलो. सहा आठवडे क्लबला हात लावायचा नाही, असा फिजिओचा हुकूम. तिशीत! बायको मुलीला उचलून माझ्याजवळ आणून द्यायची, कारण मला तिला उचलता येत नव्हतं. ते सहा आठवडे मी विसरलेलो नाही.

फिजिओने समजावलं ते असं. कमरेच्या मणक्यांना फार थोडंच वळता येतं. स्विंगमधलं खरं वळण येतं खुब्यातून आणि छातीमागच्या मणक्यातून. आपण बसून बसून नेमके तेच दोन भाग आखडून घेतो. मग सगळा पीळ पडतो कमरेवर. गोल्फर मंडळींच्या दुखापतींमध्ये कंबर पहिल्या नंबरावर आहे ती उगाच नाही.

त्यावर त्याने दिलेला काठीचा व्यायाम तुम्हीही आजच करून बघा. एक काठी पाठीवर उभी धरा. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित सैल सोडून ढुंगण मागे ढकलत खुब्यातून वाका. काठी कुठेही सुटता कामा नये. सुटली तर तुम्ही खुब्यातून नाही, पाठीतून वाकताय. बॉलसमोर उभं राहायची पोझिशन ती हीच. दुसरा व्यायाम, काठी खांद्यांवर आडवी घेऊन कंबर स्थिर ठेवत सावकाश दोन्ही बाजूंना वळणं. सोबत प्लँक आणि पाठीवर झोपून कंबर उचलणं. खेळायच्या आधी दहा मिनिटं, आणि ऑफिसच्या दिवशीही. दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र माझा कॉलम बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

सहा आठवडे संपले तेव्हा मे महिना होता. फक्त सेव्हन आयर्न आणि पटर गाडीत टाकून पारनेरला गेलो. कांदा काढून झालेलं रान मोकळं होतं, माती भुसभुशीत. (मुरमाड, टणक जमिनीवर हे करू नका. क्लब आपटला की झटका थेट मनगटात आणि कोपरात जातो.) सकाळी साडेसहाला राखेने एक सरळ रेघ मारली. बॉल ठेवलाच नाही. रेघ दोन पायांच्या मधोमध घ्यायची, अर्धाच स्विंग करायचा आणि माती कुठे उडते ते बघायचं. आयर्नचा नियम असा की आधी बॉल, मग जमीन. म्हणजे खूण रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, टार्गेटच्या बाजूला पडली पाहिजे. माझ्या पहिल्या वीसपैकी सतरा मागे पडल्या.

बांधावर अण्णा, म्हणजे माझे वडील, तंबाखू मळत बसले होते. म्हणाले, 'आरं, दगडावर कुदळ मारल्यागत काय मारतो? हात ढिले सोड की.'

बरोबरच होतं. क्लब आवळून धरला की खांदे आखडतात आणि स्विंग तुटतो. डाव्या हाताच्या तळव्यात नाही, बोटांत धरायचा. दहापैकी चार इतकाच जोर. (हे उजवखोऱ्यांसाठी. डावखोऱ्यांनी उलटं वाचावं.) वजन पुढच्या पायावर सरकू द्यायचं. तिसऱ्या दिवशी बाराएक खुणा रेघेच्या पुढे पडल्या, तेव्हा कुठे बॉल ठेवला. तोही भोकं असलेला प्लॅस्टिकचा. खरा बॉल नवख्याच्या हातूनही शंभर मीटर जातो आणि शेजारच्या रानात माणसं असतात, शेरडं असतात.

अण्णांनी मग पेपरमधला कोर्सचा फोटो बघून विचारलं, 'तिथलं गवत उन्हाळ्यात बी हिरवंच राहतं का?'

'राहतं, अण्णा.'

'पाणी कुठलं?'

मला उत्तर देता आलं नाही. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. पाण्यासाठी राळेगणसिद्धीने काय केलं ते सगळ्या देशाला माहीत आहे, आणि टँकरमागे हंडा घेऊन मीही धावलोय. तेव्हापासून कुठल्याही क्लबात गेलो की पाणी प्रक्रिया केलेलं वापरता का, हे विचारतो. काही जण विचित्र नजरेने बघतात. बघू देत! हिरवळीशिवायही गोल्फ होतं, हे मात्र अण्णांना सांगितलं. जिथे पाणी नव्हतं तिथे तेल मिसळलेल्या वाळूचे गोल करून त्यावर पटिंग चालायचं. त्यांना 'ग्रीन्स'ऐवजी 'ब्राउन्स' म्हणत.

खरेदीचं राहिलंच. पहिले तीन महिने एक सेव्हन आयर्न, तोही सेकंडहॅण्ड आणि मागे पोकळ असलेला, म्हणजे कॅव्हिटी बॅक. नेम चुकला तरी तो सांभाळून घेतो. विकत घेताना ग्रिप गुळगुळीत झालीय का बघा. झाली असेल तर बदलून घ्या, फार खर्च नाही. शाफ्ट रेग्युलर फ्लेक्स, 'स्टिफ'च्या मोहात पडू नका. मग पटर, एक वेज, एक हायब्रिड. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

पटिंगसाठी तर अंगण पुरतं. आईने शेणाने सारवलेल्या अंगणात मी आणि पुतण्या संध्याकाळी तासभर पट करत होतो. भोक म्हणून त्याची विटी-दांडूची गल. पहिल्या संध्याकाळी तो सात-तीनने जिंकला.