सायकलचे २१ गिअर काढून ७ करावेत का? भाट्ये-पावस रस्त्याचा हिशेब

सायकलच्या पेडलजवळची तीन दातेरी चक्रं काढायची आणि एकच ठेवायचं. पुढचा डिरेलर, त्याची केबल आणि डाव्या हाताचा शिफ्टरही उतरवायचा. २१ गिअरची सायकल ७ गिअरची होते. या बदलाला सायकलवाले 'वन-बाय' म्हणतात. महागड्या माउंटन बाइकवर तो आता नेहमीचा झाला आहे. प्रश्न आपला आहे: भाट्ये, फणसोप, गोळपहून रत्नागिरीत रोज ये-जा करणाऱ्या साध्या गिअरवाल्या सायकलला तो मानवेल का?

माझं मत आधीच सांगतो. मानवेल, पण एका अटीवर. चढणीचा हलका गिअर हातातून जाता कामा नये. घाईत केलेल्या बदलात नेमका तोच जातो, आणि मग सायकल घाटीत ढकलावी लागते. महिनाभर ढकलली की ती जिन्याखाली जाते.

ही कल्पना आली कुठून?

खरं तर आपल्याकडे ती जुनीच आहे. पोस्टमन आणि दूधवाल्यांच्या काळ्या सायकलींना पुढे एकच चेनव्हील होतं आणि मागेही एकच. बिघडायला फारसं काही नव्हतं म्हणून त्या पिढ्यान् पिढ्या चालल्या.

आधुनिक 'वन-बाय' लोकप्रिय झालं ते २०१२ मध्ये. स्रॅम या अमेरिकन कंपनीने 'एक्सएक्स-१' हा संच आणला. त्यात पुढे एक चक्र आणि मागे ११ चक्रं होती, १० पासून ४२ दातांपर्यंत. २०१६ मध्ये मागची चक्रं १२ झाली आणि सर्वांत मोठं ५० दातांचं. म्हणजे पुढे जे कमी केलं ते मागे भरून काढलं. स्वस्तात बदल करताना हाच दुसरा भाग विसरला जातो.

२१ गिअर खरंच २१ असतात का?

नसतात. नेहमीच्या २१ गिअरच्या सायकलीत पुढे ४२, ३४ आणि २४ दात, तर मागे १४ पासून २८ दातांपर्यंत ७ चक्रं असतात. पुढचे दात भागिले मागचे दात, हा झाला गिअरचा आकडा. पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरतं, ते त्यावरून कळतं.

आता पाहा. पुढे ४२ आणि मागे २८ ठेवले तर आकडा येतो १.५. पुढे २४ आणि मागे १६ ठेवले तरी १.५च. ४२-२० आणि ३४-१६ या जोड्यांत नावापुरता फरक आहे. अशा जुळ्या जोड्या वगळल्या तर खरोखर वेगळे गिअर उरतात साधारण बारा. त्यातल्याही टोकाच्या जोड्यांत चेन तिरकी पळते, घासते आणि लवकर झिजते. स्टिकरवर २१ लिहिणं चुकीचं नाही, पण ती संख्या पायांना मिळत नाही.

भाट्येत पुढचा डिरेलर आधी का दमतो?

भाट्ये पुलावरून रत्नागिरीच्या बाजूने आलात की एका हाताला काजळी नदीची खाडी समुद्राला मिळते, आणि पुढे सुरूचं बन आणि किनारा लागतो. खारं वारं बारा महिने. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. वर सड्यावर गेलात की जांभ्याची लाल धूळ.

पुढचा डिरेलर सीटखालच्या नळीवर, दोन्ही चाकांच्या मधे बसलेला असतो. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आणि वाळू त्याच्या सांध्यांत जाऊन बसते. केबल आवरणात गंजून अडकते, आणि चेन आहे त्या चक्रावरच राहते. केबल तुटली तर स्प्रिंग डिरेलरला आत ओढते आणि चेन सर्वांत लहान चक्रावर येते. मग सपाटीवर पाय भराभर फिरतात, सायकल मात्र पुढे सरकत नाही. मागचा डिरेलरही गंजतो, पण त्याच्याशिवाय भागत नाही. पुढच्याशिवाय भागू शकतं. म्हणून इथल्या हवेत एक यंत्रणा कमी होणं हा खरा फायदा आहे. वजन दोन-चारशे ग्रॅमने घटतं, हे बोनस समजा.

चढणीचा हिशेब

किनारा आणि झरी विनायक मागे टाकून पावसकडे निघालं की रस्ता सड्यावर चढतो. शहराकडे जातानाही राजिवड्यानंतर चढ आहेच. समजा, १०० मीटरला ८ मीटर उंची असलेली चढण आहे. सायकल आणि स्वार मिळून वजन ८५ किलो, चाक २६ इंची, आणि पेडल मिनिटाला ६० फेरे.

• जुना सर्वांत हलका गिअर (पुढे २४, मागे २८): वेग ताशी सुमारे ६.४ किलोमीटर. फक्त वर चढण्यासाठी लागणारी ताकद सुमारे १२० वॅट.

• फक्त मधलं चक्र ठेवलं (पुढे ३४, मागे २८): ताशी ९ किलोमीटर, सुमारे १६५ वॅट.

• पुढे ३२ आणि मागे ३४ दातांचं मोठं चक्र: ताशी ७ किलोमीटर, सुमारे १३० वॅट.

१२० आणि १६५ यांत कागदावर ४५ वॅटचा फरक दिसतो. रोज सराव नसलेल्या माणसासाठी तो बसून चढणं आणि उतरून ढकलणं यातला फरक आहे. तेवढी ताकद नसेल तर पेडलचे फेरे मंदावतात आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर येतो. तिसऱ्या पर्यायात हा प्रश्न बराचसा सुटतो.

मग गमावलं काय? वरचा वेग. मिनिटाला ८० फेरे मारले तर ४२-१४ वर ताशी ३० किलोमीटर मिळतात, ३२-१४ वर २३ च्या आसपास. उतारावर पाय स्थिर ठेवून बसावं लागेल, इतकंच. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला किंवा कामावर जाणाऱ्या माणसाला या ७ किलोमीटरची गरज क्वचितच पडते. चढण मात्र रोज लागते.

दुकानात जाण्याआधी काय तपासाल?

१. आधी फुकट चाचणी घ्या. डावा शिफ्टर २ वर ठेवा आणि १५ दिवस त्याला हात लावू नका. १ वर यायची गरज किती वेळा वाटली, ते मोजा. एकदाही नाही, तर मधलं चक्र पुरेसं आहे. रोज वाटली, तर मागचं फ्रीव्हील बदलल्याशिवाय पुढचं काही काढू नका.

२. पुढची चक्रं बोल्टने बसवलीत की रिव्हेटने, ते पाहा. स्वस्त सायकलींत ती बहुधा रिव्हेटने जोडलेली असतात आणि सुटी होत नाहीत. तेव्हा पूर्ण क्रँक बदलावा लागतो. बोल्ट असतील तर एका चक्रासाठी आखूड बोल्ट लागतात.

३. एकट्या चक्रासाठी एक आड एक जाड-बारीक दात असलेलं चक्र मागा. ते चेन धरून ठेवतं. साध्या चक्रावरून खड्ड्यात चेन उतरते. असं चक्र मिळालं नाही तर जुना डिरेलर काढू नका. त्याचा स्क्रू आवळून तो मधल्या चक्रावर स्थिर होत असेल तर तसाच ठेवा, चेन राखण्याचं काम तो करेल.

४. मागे १४ ते ३४ दातांचं ७ चक्रांचं फ्रीव्हील मिळतं. तुमचा मागचा डिरेलर ३४ दात पेलतो का, हे आधी विचारा. त्यात २४ वरून थेट ३४ अशी मोठी उडी असते. पाय एकदम हलके पडतात, पण दोन दिवसांत सवय होते.

५. चेनची लांबी नव्याने मोजून घ्या. मागचं चक्र मोठं झालं आणि चेन आखूड राहिली तर डिरेलर मोडू शकतो.

कोणी या फंदात पडू नये?

ज्यांचा पुढचा डिरेलर नीट चालतो, त्यांनी. केबल बदलून, सांध्यांत तेल सोडून काम होत असेल तर तोच सर्वांत स्वस्त उपाय. गटाने लांब पल्ल्याच्या फेऱ्या मारणाऱ्यांनीही थांबावं. त्यांना गिअरमधल्या बारीक पायऱ्या लागतात, आणि त्या पुढे दोन चक्रं असतानाच नीट मिळतात.

बाकीच्यांसाठी माझा आग्रह एकच. नवी सायकल घेताना किंवा जुनी बदलताना गिअर किती, हे विचारू नका. पुढचं सर्वांत लहान चक्र किती दातांचं आणि मागचं सर्वांत मोठं किती दातांचं, हे विचारा. दोन आकडे एकमेकांच्या जवळ असतील, किंवा मागचा मोठा असेल, तर ती सायकल सड्यावर चढेल. दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर खाली वाका आणि दात स्वतः मोजा. दोन मिनिटांचं काम आहे.