गावात आग लागली, तर बंब कोणाचा?

अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन इथे नगरपालिका आहे. नागाव, काशीद, दिवेआगर इथे ग्रामपंचायत. रायगडच्या किनाऱ्यावर आग लागली, तर हा फरक जीवघेणा ठरू शकतो. का ते समजून घेऊ.

नियम काय सांगतो?

१९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आणली. तिच्या १८ विषयांत अग्निशमन सेवा आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, पण अग्निशमन नाही. त्यामुळे बंब असतो तो बहुधा शहराकडे किंवा एमआयडीसीकडे. घाटवळणं पार करून तो गावात येईपर्यंत आग विझवतात ते गावकरीच.

मग वणव्याचं काय?

मुरूड-रोह्यातलं फणसाड अभयारण्य असो की गावालगतचा डोंगर, उन्हाळ्यात गवत वाळतं. भातासाठी राब भाजताना उडालेली ठिणगीही पुरते. डोंगरावर बंब चढत नाही. ओल्या फांद्यांनी आग झोडपायची आणि पुढचं गवत काढून जाळरेषा आखायची, हाच उपाय.

ही मदत नेहमीच ऐच्छिक नसते. भारतीय वन अधिनियम, १९२७च्या कलम ७९नुसार जंगलात हक्क असलेल्यांनी आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे, टाळल्यास शिक्षाही आहे. मात्र मदतीला जाणाऱ्याचे बूट, हातमोजे किंवा विमा याबद्दल हे कलम काहीच बोलत नाही.

धोका किती खरा?

१९ जुलै २०२३च्या रात्री रायगडमधल्याच इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रं पोहोचली नाहीत. एनडीआरएफच्या जवानांसोबत स्थानिक गिर्यारोहक आणि स्वयंसेवक हातांनी माती उपसत होते. चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. सरकारी कर्मचाऱ्याच्या कुटुंबामागे निदान सेवानियम असतात. स्वयंसेवकाच्या कुटुंबामागे काय?

उपाय आहे का?

जर्मनीत अग्निशमनाचा कणा स्वयंसेवकच आहेत, त्यांची संख्या १० लाखांच्या आसपास आहे. पण त्यांना प्रशिक्षण, गणवेश, गाडी आणि विमा मिळतो. आपल्याकडे केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक घडवण्याचं उद्दिष्ट २०२१मध्ये ठरलं. त्यात प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि ठरावीक काळाचा विमा आहे.

म्हणजे वाट माहीत आहे. आग विझवायला गाव धावतंच, त्यासाठी कुणी आदेश द्यावा लागत नाही. प्रश्न एवढाच, की धावणाऱ्याला काही झालं तर जबाबदारी कोणाची? पुढच्या ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही.