पादप

झाडास संस्कृतांत ‘पादप’ म्हणतात; पायांनीं पिणारा तो पादप. शब्द आम्हांस फार प्रिय, परंतु त्यांत निम्मीच गोष्ट आली आहे. मुळें पाणी शोषितात खरीं, पण तें उंच ओढून नेतात पानें. पानांतून वाफ निघून जाते, तसतशी खोडांतील पाण्याची सलग धार क्षारांसह वर खेंचली जाते. डब्लिनच्या डिक्सन व जोली यांनीं हा सिद्धान्त १८९४ सालीं मांडला.

किनवटच्या रानांतील सागाची नुसती साल कोणीं कंकणाकार सोलली, तरी पानें लागलींच सुकत नाहींत. कारण पाणी चढतें आंतल्या लाकडांतून. मात्र पानांनीं केलेली साखर सालींतूनच खालीं उतरते. ती वाट तुटली कीं मुळांची उपासमार होते, आणि हिरवें दिसणारें झाड पुढें वाळतें.

हेंच परसांतही घडतें. धुणें वाळविण्याची तार कडुनिंबास करकचून बांधिली, तर खोड जाडावतें, तार वाढत नाहीं! तारेच्या वरच्या अंगास फुगवटी आली असेल, तर ती अडलेल्या अन्नाची समजावी. वाचकांनीं अशी तार आजच सोडवावी. रुतली असल्यास ओढून साल फाडूं नये, जागोजाग तोडून मोकळी करावी.